दहा मीटर मातीचा ढीग: शांघायमधली तेरा मजली इमारत आडवी का झाली

२७ जून २००९ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास शांघायच्या मिनहांग भागात बांधकाम चालू असलेली एक तेरा मजली निवासी इमारत अख्खीच्या अख्खी आडवी झाली. मजल्यावर मजला कोसळून ढिगारा झाला नाही. सांगाडा बव्हंशी शाबूत राहिला आणि तळाला तुटलेल्या पाइलचे (इमारतीचं वजन खोलवर पोचवणाऱ्या, जमिनीत ठोकलेल्या खांबांचे) बुंधे उघडे पडले. ‘लोटस रिव्हरसाइड’ नावाच्या अकरा इमारतींच्या गृहसंकुलातली ही सात नंबरची इमारत. रहिवासी अजून आलेले नव्हते, पण साइटवरचा एक कामगार दगावला.

फोटो जगभर फिरले आणि ‘पाइलमध्ये सळयाच नाहीत, आत पोकळ आहेत’ हा निष्कर्षही त्यांच्यासोबत फिरला. पाइल पोकळ होते, कारण तो प्रकारच पोकळ असतो. कारखान्यात फिरत्या साच्यात ओतलेले हे पूर्वताणित (आतल्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या) काँक्रीटचे नळकांडी पाइल मऊ जमिनीच्या शहरांत सर्रास वापरतात. चौकशी समितीने पाइल तपासले, ते निकषांत बसले. इमारतीची रचना पुन्हा तपासली, तीही बसली. जमिनीचा मूळ अहवाल नव्याने बोअर घेऊन, म्हणजे खोल भोकं पाडून मातीचे नमुने काढून, ताडून पाहिला, त्यातही खोट निघाली नाही. या समितीचे प्रमुख होते जियांग ह्वानछंग. शांघायच्या ओरिएंटल पर्ल टॉवरच्या अभिकल्पामागचे (डिझाइनमागचे) हे अभियंते.

म्हणजे इमारत बरोबर होती, पाया बरोबर होता, जमिनीची माहिती बरोबर होती. चुकली होती ती माती: कुठून काढली, कुठे टाकली आणि किती दिवसांत टाकली. प्रकरण अभ्यासायला घ्यावं ते याचसाठी. खोदकामाकडे बहुतेक साइटवर ‘घनमीटरला इतके’ एवढ्याच नजरेने पाहिलं जातं. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल सल्लागार, जिओटेक (जमीन-मातीचा) सल्लागार या सगळ्यांच्या ड्रॉइंगवर काढलेल्या मातीचा ढीग कुठेच नसतो. तो पोकलेनवाला आणि सुपरवायझर जागेवर ठरवतात.

जागेची रचना

इमारतीच्या उत्तरेला त्येनपू नदी, दक्षिणेला नियोजित भूमिगत पार्किंग. इमारत उभी राहिली, तिचे मजले चढले आणि मग दक्षिणेला अगदी लगत ४.६ मीटर खोल खड्डा खणायला घेतला. निघालेली माती इमारत आणि नदी यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात टाकली. ढिगाची उंची सुमारे दहा मीटरपर्यंत गेली.

माती तिथेच का ठेवली? कारण पुढे ती लागणार होती. पार्किंगभोवतीचा भराव आणि बागेसाठीची माती, दोन्हीसाठी. वरवर पाहता हिशेब चोख वाटतो: एकदा बाहेर वाहून न्या, पुन्हा विकत आणा, यापेक्षा आवारातच राहू द्या. शिवाय घाई होती. न्यायालयाच्या निकालात दोन्ही गोष्टी आल्या: कामाची गती राखण्याची धडपड, आणि मूळ जमिनीची धारणक्षमता न मोजताच केलेलं खोदकाम व रचलेला ढीग.

आता क्रम पाहा. टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या संकुलात हे नेहमीचं आहे: उंच इमारती आधी, सामायिक पार्किंग, रस्ते, बाग नंतर. प्रत्येक इमारतीचा अभिकल्प गृहीत धरतो की चारही बाजूंना जमीन साधारण एका पातळीत आहे. पार्किंगचा अभिकल्प ते पूर्ण झाल्यानंतरची स्थिती तपासतो. मधली अवस्था, म्हणजे एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला ढीग आणि मध्ये तयार इमारत, ही कोणाच्याच आकडेमोडीत नसते. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. बेकायदा ठेकेदारी, निष्काळजीपणा हे त्यावर चढलेले थर.

ढिगाचं वजन

ढिगाकडे ओझं म्हणून पाहिलं की सगळा प्रकार लख्ख दिसतो. ओलसर चिकणमातीचं वजन घनमीटरला साधारण १.८ टन धरू. दहा मीटर उंचीखाली दर चौरस मीटरला १८ टन. निवासी इमारतीचा एक मजला, भिंती-फरशी-सामान धरून, चौरस मीटरला ढोबळ १.२ ते १.५ टन भरतो. तेरा मजल्यांचे झाले १६ ते २० टन. म्हणजे इमारतीच्या उत्तरेला, त्याच जमिनीवर, जवळपास तितक्याच वजनाची दुसरी ‘इमारत’ उभी केली होती. फरक एवढाच की पहिलीखाली खोलवर पाइल होते आणि दुसरीखाली काहीच नव्हतं.

जमीन काय पेलू शकते? शांघाय नदीमुखाच्या गाळावर वसलेलं आहे. अशा मऊ चिकणमातीची, पाण्याचा निचरा व्हायला वेळ न मिळता असणारी कर्तन-ताकद (मातीचा एक थर दुसऱ्यावरून घसरायला होणारा विरोध) उदाहरणादाखल चौरस मीटरला २.५ टन धरू. मऊ चिकणमाती निकामी होण्याची मर्यादा या ताकदीच्या साधारण ५.१४ पट असते, म्हणजे सुमारे १३ टन. ढीग १८ टनांचा. इमारत नसती, खड्डा नसता, नुसतं मोकळं मैदान असतं तरी हा ढीग खाली दबून बाजूला सरकायला निघाला असता.

दोनची सुरक्षितता ठेवली, म्हणजे मर्यादेच्या निम्माच भार टाकला, तर ढिगाची उंची येते साडेतीन मीटर. हा माझा ढोबळ हिशेब, साइटच्या चाचण्यांचा नव्हे. पण एक जुळणी लक्षात घेण्यासारखी आहे. चौकशीत असं दिसलं की त्या भागात माती दोनदा टाकली गेली. अपघाताच्या सहा महिने आधीचा पहिला ढीग तीन-चार मीटर उंच आणि इमारतीपासून सुमारे २० मीटर लांब होता. तो सहा महिने मुकाट राहिला. दुसरा २० जूनपासून रचायला घेतला, अवघ्या सहा दिवसांत दहा मीटरपर्यंत गेला आणि २७ तारखेला इमारत पडली.

सहा दिवस हा आकडा उंचीइतकाच महत्त्वाचा. मऊ चिकणमातीवर भार सावकाश चढवला तर तिच्यातलं पाणी हळूहळू निघून जातं, कण जवळ येतात, ताकद वाढते. रस्त्यांचे उंच भराव अशा जमिनीवर टप्प्याटप्प्याने, मध्ये महिनोन्‌महिने थांबून घालतात ते यासाठीच. सहा दिवसांत पाण्याला जायला वाव नसतो. वाढलेला सगळा भार मातीतलं पाणीच पेलतं, आणि पाण्याला कर्तन-ताकद नसते.

दुसऱ्या बाजूचा खड्डा हा भाराचा उलटा प्रकार. ४.६ मीटर माती काढली म्हणजे चौरस मीटरला सुमारे ८.३ टनांचा दाब काढून घेतला. जमिनीला एका बाजूने १८ टनांनी खाली दाबायचं आणि दुसऱ्या बाजूचा ८.३ टनांचा अटकाव काढायचा. मिळून २६ टनांच्या वर फरक. मऊ चिकणमातीतल्या खड्ड्यासाठी एक जुना ढोबळ निकष आहे: हा फरक भागिले कर्तन-ताकद ही संख्या सहाच्या आसपास गेली की तळ उसळायची भीती. नुसत्या खड्ड्याला ती ३.३ येते, म्हणजे सांभाळून करता येण्याजोगं काम. ढिगासकट ती साडेदहावर जाते. खरी भूमिती याहून गुंतागुंतीची आहे, कारण मध्ये पाइलवरची इमारत आहे. तरी कोणत्या दिशेला काय सरकणार हे सांगायला एवढं पुरेसं आहे.

पाइल आडव्या जोराला का हरले

चौकशीनुसार भरभर रचलेल्या मातीने सुमारे ३,००० टनांचा आडवा जोर निर्माण केला. खड्ड्यामुळे दक्षिणेकडचा आधार गेलेला. इमारत १० सेंटिमीटरच्या आसपास सरकली आणि तेवढं पुरलं.

पाइल मुळात उभं वजन खाली पोचवण्यासाठी असतात. नळकांडी पूर्वताणित पाइल त्यात पटाईत. पण कडेने ढकललं की त्यांना वाक पडतो, एका अंगाला ताण येतो आणि काँक्रीट ताण सोसत नाही. वाकवण्याला जो काही प्रतिकार असतो तो पाइलभोवतीच्या मातीच्या घट्ट मिठीवर अवलंबून असतो. इथे तीच माती सरकत होती. आधार देणारी जमीनच ढकलणारी झाली.

मग वजनाने आपला डाव साधला. इमारत किंचित दक्षिणेला कलली की तिचं स्वतःचं वजन पाइलच्या अक्षावरून ढळतं आणि तोच कल आणखी वाढवतं. खड्ड्याकडच्या पाइलवर दाब वाढत जातो, ढिगाकडच्या ओळीवर ओढ येते. एक ओळ तुटली की उरलेल्यांवर भार जातो. इथून पुढचा प्रवास मिनिटांचा असतो, आणि इमारत जितकी मजबूत तितकी ती अखंड पडते. सांगाडा कमकुवत असता तर आधी भेगा पडल्या असत्या, खिडक्या अडकल्या असत्या, कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. मजबूत सांगाडा पाया निसटेपर्यंत तक्रार करत नाही.

तक्रार मात्र दुसरीकडून झाली होती. आदल्या दिवशी, २६ जूनला, ढिगाच्या उत्तरेकडची नदीकाठची पूरसंरक्षक भिंत खचली. पहिल्या नजरेला तो नदीचा प्रश्न, बंधाऱ्याच्या डागडुजीचा. पण ढिगाच्या एका बाजूची जमीन सरकली असेल, तर दुसऱ्या बाजूच्या जमिनीवरही तोच ढीग उभा आहे. हे ओळखायला संगणक लागत नाही. साइटचा एक आडवा छेद कागदावर काढलेला असला की पुरे. नदी, ढीग, इमारत, खड्डा, एका रेषेत. तसा छेद कोणाच्या टेबलावर असता तर २६ तारखेला तो बघायला वेळ होता.

माती कागदावर कशी आणायची

असं काम आपल्या हातात असेल तर सुरुवात मातीच्या ताळेबंदाने करावी. समजा पार्किंग ६० मीटर बाय ४० मीटर, खोली ४.६. जमिनीत असताना ११,०४० घनमीटर. खणल्यावर चिकणमाती फुगते. पाव भाग फुगवटा धरला तर १३,८०० घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरने १,३८० फेऱ्या. हा आकडा पाहिल्यावर माती आवारातच ठेवायचा मोह कुठून येतो ते कळतं. आता त्याच मातीचा सरासरी सहा मीटरचा ढीग केला तर २,३०० चौरस मीटर जागा लागते. सरासरी तीन मीटरवर थांबायचं म्हटलं तर ४,६००, म्हणजे खड्ड्याच्या जवळपास दुप्पट. वाढत्या संकुलात एवढी मोकळी जागा क्वचितच असते. म्हणजे ठराविक माती बाहेर जाणारच. हा निर्णय निविदेच्या वेळी, वाहतुकीचा दर धरून व्हायला हवा. निविदेत वाहतूक नसेल तर ठेकेदार ती आपल्या नफ्यातून करणार नाही, ढीगच उंच करेल. सुरक्षिततेच्या बैठकांपेक्षा दरपत्रकातल्या या एका ओळीचा परिणाम जास्त होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय ठेवलेली माती खरंच उपयोगी आहे का, हेही बघावं. ओली, मऊ चिकणमाती भिंतीमागच्या भरावाला वाईट: नीट दबत नाही, पाणी धरून ठेवते. वरचा सुपीक थर बागेला हवा असतो, तो वेगळा काढून बुटक्या ढिगात ठेवला तर भागतं. ‘नंतर लागेल’ म्हणून ठेवलेल्या ढिगातला खरोखर वापरायचा हिस्सा पुष्कळदा फार छोटा निघतो.

ताळेबंदानंतर क्रम. खोल खोदकाम आधी, उंच इमारत नंतर, हा उत्तम. ते जमत नसेल, म्हणजे इमारत उभी असताना शेजारी खणायचंच असेल, तर ते खोदकाम इमारतीच्या पायाचाच भाग म्हणून तपासावं लागतं: पट्ट्यापट्ट्याने खणायचं, इमारतीलगत न खणलेल्या मातीचा बांध शेवटपर्यंत राखायचा, शीट पाइल (जमिनीत ठोकलेल्या पोलादी पत्र्यांची भिंत) वा आडवे टेकू आधी बसवायचे आणि पुढचा पट्टा मागच्याचा स्लॅब पडल्यावरच उघडायचा. मऊ मातीत खड्ड्याचा परिणाम खोलीच्या तीन-चार पट अंतरापर्यंत जाणवू शकतो. ४.६ मीटरच्या खड्ड्यासाठी ते १८ मीटर होतं. या पट्ट्यात काय काय आहे याची यादी हवी: इमारती, भूमिगत नळ, मजुरांच्या वस्त्या, क्रेन.

ढिगाच्या जागेबद्दल एक गैरसमज हटत नाही. खणलेली माती कडेपासून काही अंतरावर ठेवा, असे नियम सगळीकडे आहेत. अमेरिकेच्या ओशा (OSHA) या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा नियम किमान दोन फूट सांगतो. साइटवर कोणीतरी तो पाळलेला दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. पण तो नियम चरात उतरलेल्या माणसाच्या अंगावर माती-दगड घरंगळू नये म्हणून आहे. ढिगाखालची जमीन किती पेलेल, शेजारची इमारत सरकेल का, यावर तो काहीच बोलत नाही. शांघायचा ढीग तर खड्ड्याच्या कडेला नव्हताच, इमारतीच्या पलीकडे होता. म्हणून ड्रॉइंगवर ढिगाची जागा आखून त्याच्या शेजारी जास्तीत जास्त उंची आणि दिवसाला किती वाढवायचा हे लिहावं, आणि खाली जिओटेक सल्लागाराची सही घ्यावी. जागेवर त्या उंचीचे रंगवलेले खांब रोवावेत. पोकलेनवाल्याला टन कळायची गरज नाही, लाल पट्टा कळला की झालं.

मोजमापाचं थोडक्यात सांगतो, कारण उपकरणं सर्वांना माहीत आहेत: जमिनीची आडवी सरक मोजायला इंक्लिनोमीटर, इमारतीच्या कोपऱ्यांवर लक्ष्यबिंदू, पाणीदाबासाठी पिझोमीटर. अवघड भाग वाचन घेण्याचा नाही. किती आकड्याला कोणाला फोन, किती आकड्याला पोकलेन बंद, हे आधी लिहून ठेवण्याचा आहे. आणि शेजारची कुठलीही जमीन खचली, बांध फुटला, रस्त्याला भेग गेली, की आकड्यांची वाट न पाहता काम बंद.

सही कोणाची

फेब्रुवारी २०१० मध्ये सहा जणांना तीन ते पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. त्यात विकसकाचा माणूस होता, बांधकाम कंपनीचे होते, माती खणणारा होता आणि देखरेख अभियंताही होता. खोदकाम ज्याला दिलं होतं त्याच्याकडे त्या कामाची पात्रता नव्हती. कागदावरचा प्रकल्प व्यवस्थापक नावापुरता होता, प्रत्यक्ष व्यवस्थापन करतच नव्हता.

देखरेख अभियंत्याचा भाग सगळ्यांत बोचणारा. निकालानुसार त्याने खोदकामाला आणि ढिगाला हरकत घेतली होती. ती ऐकली गेली नाही, आणि त्यानंतर त्याने काम परिणामकारकपणे थांबवलं नाही. शिक्षा तीन वर्षं. हरकतीचं पत्र फाइलमध्ये लावलं की आपली जबाबदारी संपली, असं मानणाऱ्या प्रत्येक साइट इंजिनिअरने हे वाचावं. अर्थात याची दुसरी बाजूही आहे: ज्याचा पगार विकसकाच्या खिशातून निघतो त्याने पोकलेनची चावी काढून घ्यावी ही अपेक्षा करताना त्याला तो अधिकार करारात दिलाय का, हेही विचारायला हवं. काम थांबवल्याचा दंड कोणावर पडणार नाही, हे करारात लिहिलेलं नसेल तर तो अधिकार कागदीच राहतो.

बाहेर नेलेली माती म्हणजे सुटलेला प्रश्न, असंही नाही. २० डिसेंबर २०१५ रोजी शेंझेनच्या क्वांगमिंग भागात खोदकामाच्या माती-राडारोड्याचा डोंगरच घसरला आणि त्याने ३३ इमारती गिळल्या किंवा मोडल्या. ७३ मृत, ४ बेपत्ता. तिथे टाकलेली माती कुठल्या ना कुठल्या साइटच्या आवाराबाहेर ‘सुखरूप’ गेलेलीच होती. म्हणून ताळेबंदात डंपरच्या फेऱ्यांसमोर ती माती कुठे रिकामी करणार ती जागा आणि तिथली परवानगीची उंचीही लिहावी.

राहिला प्रश्न, कल दिसू लागल्यावर काय करायचं. शांघायमध्ये अपघातानंतर शेजारच्या इमारतींसाठी ढिगातली माती उतरवली आणि खड्डा भरून घेतला. त्यानंतर हालचाल स्थिरावली. यातला तपशील आधीच योजनेत हवा. सगळ्यांत आधी माणसं बाहेर, इमारतीतून आणि खड्ड्यातूनही. मग खड्ड्यात भर, कारण गेलेला आधार तिथे परत मिळतो. ढीग वरून उतरवायचा, पायथ्याला पोकलेन लावायचा नाही; पायथा खरवडला तर ढीग आणखी पुढे येतो. उतरवलेली माती दुसऱ्या इमारतीशेजारी नेऊन टाकायची नाही. भरावासाठी लागणारी खडी आणि तिचा रस्ता आधीपासून मोकळा ठेवलेला असावा, कारण कललेल्या इमारतीशेजारून डंपर नेण्याची परवानगी त्या क्षणी कोणीही देणार नाही.